रेडिएटरच्या विद्युत पंख्याचा परिपथ: कसा चालतो आणि कसा तपासावा

मे महिन्यात मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटात गाडी तापली, तर घाटाला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण तीच गाडी इगतपुरीपुढच्या सपाटीवर थंड होते आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत तिचा तापमानाचा काटा पुन्हा चढू लागतो, तेव्हा घाटाचा बहाणा संपतो. धावताना थंड आणि थांबल्यावर गरम अशी गाडीची तऱ्हा असेल, तर बहुतेक वेळा रेडिएटरमागचा विद्युत पंखा फिरत नसतो, किंवा फिरायला हवा तितक्या जोराने फिरत नसतो. महामार्गावर समोरून येणारी हवाच रेडिएटरला पुरेशी असते. पंख्याची खरी गरज कोंडीत, सिग्नलला आणि दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढणाऱ्या घाटात पडते.

याच्या उलट, ताशी ८० किलोमीटरने धावतानाच काटा वर जात असेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी आहे का, रेडिएटर आतून चोंदला आहे का, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकला आहे का किंवा पाण्याचा पंप निकामी झाला आहे का, हे आधी पाहावे. अशा गाडीच्या पंख्याच्या तारा तपासण्यात दिवस घालवू नये.

पूर्वी पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरत असे, आणि जीपच्या घराण्यातल्या अनेक गाड्यांत तो आजही तसाच असतो. छोट्या गाड्यांत इंजिन आडवे बसवण्याची पद्धत रूढ झाल्यावर रेडिएटर आणि इंजिनाची पुली समोरासमोर राहिली नाही, त्यामुळे पंख्याला स्वतःची मोटर द्यावी लागली. तिचा फायदाही झाला, कारण पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्या वेगाला बांधलेला असतो आणि नेमका कोंडीत, जेव्हा हवा सर्वांत जास्त हवी असते तेव्हा, तो मंद फिरतो. विद्युत पंख्याला इंजिनाच्या वेगाशी देणेघेणे नसते. त्याला फक्त हुकूम लागतो. हा हुकूम कोण देतो आणि तो मोटरपर्यंत कसा पोहोचतो, एवढे समजले की निम्मी दुरुस्ती झाली असे मानायला हरकत नाही.

तापमानाचे गणित

थंड इंजिन सुरू केल्यावर थर्मोस्टॅट बंद असतो आणि पाणी इंजिनातच फिरत राहते. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला तो उघडू लागतो आणि गरम कूलंट रेडिएटरकडे जाते. तरीही तापमान चढत राहिले, तर बहुतेक गाड्यांत ९५ अंशांच्या आसपास किंवा थोडे पुढे पंखा सुरू होतो आणि कूलंट चार-पाच अंशांनी उतरले की बंद होतो. सुरू आणि बंद होण्याच्या तापमानांत हे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. ते नसते तर पंखा दर दोन सेकंदांनी चालू-बंद होत राहिला असता आणि रिलेचे, म्हणजे पंखा चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचचे, संपर्क लवकरच जळून गेले असते. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, म्हणून आपल्या गाडीचे आकडे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावेत.

येथे नाशिककरांसाठी एक खास मुद्दा आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे उघड्या भांड्यातले साधे पाणी येथे १०० अंशांना नव्हे, तर सुमारे ९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब साधारण एक बारने वाढवून हा उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वर नेते. झाकणाचे रबर कडक होऊन दाब धरेनासे झाले आणि आत कूलंटऐवजी नुसते पाणी असले, तर पंखा सुरू होण्याच्या सुमारासच पाणी उकळू लागते आणि निर्दोष पंख्यावर आळ येतो. म्हणून तपासणीच्या सुरुवातीला, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटची पातळी आणि झाकणाचे रबर पाहून घ्यावे. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये; दाब सुटताच आतले पाणी क्षणात उकळून अंगावर उडते. बोअरचे पाणी भरण्याची सवयही सोडावी, कारण त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि मग पंखा कितीही जोरात फिरला तरी उष्णता बाहेर पडत नाही.

एक पंखा, दोन परिपथ

पंख्याची मोटर चालताना साधारण १० ते २५ अँपिअर प्रवाह ओढते आणि सुरू होण्याच्या क्षणी याच्या कितीतरी पट. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बटणातून किंवा ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या, बारीक तारेतून नेता येत नाही. म्हणून मध्ये रिले असतो. पाटाचे दार उचलणाऱ्या पाटकऱ्याला पाणी वाहून न्यावे लागत नाही, तसेच रिलेच्या कॉइलला मोटरचा प्रवाह वाहावा लागत नाही. कॉइलचा रोध ८० ओहम धरला, तर १२ व्होल्टवर तिच्यातून जेमतेम ०.१५ अँपिअर प्रवाह जातो. तेवढ्यावर ती चुंबक होते, आतली पट्टी ओढून घेते आणि तिच्यापेक्षा शंभर पट मोठ्या प्रवाहाची वाट मोकळी करते.

यावरून दोन परिपथ स्पष्ट होतात. पहिला कामाचा: बॅटरीच्या धन टोकापासून ३० किंवा ४० अँपिअरचा मोठा फ्यूज, तेथून रिलेचे संपर्क, तेथून मोटर, आणि मोटरपासून बॉडीच्या अर्थिंगमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाला परत. दुसरा हुकमाचा: इग्निशनच्या चावीतून किंवा मुख्य रिलेतून येणारे १२ व्होल्ट, तेथून रिलेची कॉइल, आणि कॉइलचे दुसरे टोक ईसीयूकडे. ईसीयू बहुधा कॉइलला धन पुरवत नाही. पंखा हवा असला की ती कॉइलचे हे दुसरे टोक आतून अर्थला जोडते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हेच काम कूलंटच्या वाटेत बसवलेला थर्मोस्विच करीत असे. ठरलेल्या तापमानाला त्याचे संपर्क मिटत आणि कॉइलला अर्थ मिळे.

रिलेच्या पायांवर बहुधा ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके, ३० वर बॅटरीकडून येणारा प्रवाह आणि ८७ वरून मोटरकडे जाणारा. काही जपानी वळणाच्या रिलेंवर १, २, ३ आणि ५ असे आकडे दिसतात. तेथे १ व २ ही कॉइल आणि ३ व ५ हे संपर्क.

ईसीयूला तापमान कळते ते कूलंट सेन्सरकडून. तापमान वाढले की या सेन्सरचा रोध घटतो: सर्वसाधारण सेन्सरचा २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम, तर ९० अंशांच्या आसपास दोन-तीनशे ओहम. त्याची तार तुटली तर रोध अमर्याद होतो आणि ईसीयूला इंजिन ध्रुवप्रदेशात उभे असल्यासारखे वाटते. पण नुकते चाललेले इंजिन उणे ४० अंशांवर असणे शक्य नाही एवढे तिला कळते, म्हणून बहुतेक गाड्यांत ती सावधगिरी म्हणून पंखा सतत चालू ठेवते. हा स्वभाव तपासणीत फार उपयोगी पडतो.

पंख्याचा दुसरा मालक म्हणजे एसी. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतो आणि त्यालाही हवा लागते, म्हणून एसी लावला की इंजिन थंड असतानाही बहुतेक गाड्यांत पंखा लगेच, किंवा वायूचा दाब चढल्यावर काही क्षणांत, सुरू होतो.

दोन वेगांचे पंखे असतील तर थोडी गुंतागुंत वाढते. एका पद्धतीत मंद वेगासाठी मोटरच्या वाटेत एक रोधक घातलेला असतो आणि तीव्र वेगाला दुसरा रिले त्याला वळसा घालून पूर्ण व्होल्टेज देतो. हा रोधक सतत तापतो आणि कालांतराने जळून तुटतो. अशा गाडीचे लक्षण फसवे असते: काटा नेहमीपेक्षा वर चढतो, पंखा गप्प, आणि मग एकाएकी तो पूर्ण जोराने घोंघावतो, उभ्या गाडीत एसी नीट गारवा देत नाही, पण गाडी उकळतही नाही. पंखा चालतो आहे हे डोळ्यांनी दिसत असल्याने रोधकाकडे कोणाचे लक्ष जात नाही. दुसऱ्या पद्धतीत दोन पंखे मंद वेगाला एकापाठोपाठ जोडले जातात, म्हणजे प्रत्येकाला निम्मे व्होल्टेज मिळते, आणि तीव्र वेगाला तीन रिले मिळून त्यांना समांतर करतात. यात एका मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला प्रवाह देणारे ब्रश) संपले तर मंद वेगाला दोन्ही पंखे बंद पडतात, पण तीव्र वेगाला चांगला पंखा एकटा फिरतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत रिलेच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते, जे प्रवाह सेकंदाला असंख्य वेळा तोडून-जोडून वेग हवा तसा कमी-जास्त करते. त्याच्या तपासणीला स्कॅनर हवाच, टेस्ट लॅम्प घेऊन त्याच्या वाटेला जाऊ नये.

तपासणी

आधी सुरक्षितता. इंजिन बंद असले, इतकेच काय चावी काढलेली असली, तरी काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो. तो बिघाड नसून तशी रचनाच असते. म्हणून पंख्यापाशी हात घालायचा असेल तेव्हा त्याचा कनेक्टर काढून ठेवावा. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी पंख्यापासून दूर ठेवावी, आणि हातातली अंगठी काढावी, कारण बॅटरीचे धन टोक आणि बॉडी यांच्यामध्ये अडकलेली अंगठी क्षणात लाल होते.

पहिली कसोटी एसीची. इंजिन सुरू करून एसी लावावा आणि बोनेट उघडून ऐकावे. पंखा नीट फिरला, तर मोटर, मोठा फ्यूज, अर्थिंग आणि बहुतेक गाड्यांत रिलेही ठीक आहे, आणि दोष तापमानाच्या बाजूला, म्हणजे सेन्सर, त्याच्या तारा किंवा कूलंटच्या पातळीत आहे. पातळी इतकी खाली गेली असेल की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत बसला आहे, तर त्याला खरे तापमान कळतच नाही, आणि सेन्सर बदलून काही साधत नाही.

एसीवरही पंखा हलला नाही तर दुसरी कसोटी: चालू इंजिनावर सेन्सरचा कनेक्टर काढावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत पंखा सुरू व्हायला हवा. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागेल. त्याने घाबरू नये, मात्र ती नोंद नंतर स्कॅनरने पुसावी लागू शकते. या वेळी बोट रिलेवर ठेवावे. 'टक' असा ठोका जाणवला तर हुकूम रिलेपर्यंत पोहोचला आहे आणि शोध कामाच्या परिपथात घ्यायचा आहे. ठोकाच नसेल तर हुकमाचा परिपथ किंवा रिले स्वतः संशयित. हा एक ठोका इतके काही सांगून जातो की माझ्या मते मल्टीमीटरच्याही आधी बोटाला काम द्यावे.

रिलेवर संशय असेल तर त्याच पायांचा आणि त्याच आकड्यांचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, काढून तेथे बसवून पाहावा. फरक पडला नाही तर रिले काढून सॉकेट तपासावे. ३० क्रमांकाच्या खाचेत, चावी बंद असतानाही, बॅटरीइतके व्होल्टेज हवे. नसेल तर फ्यूज किंवा त्याआधीची तार पाहावी. चावी फिरवल्यावर कॉइलच्या एका खाचेत १२ व्होल्ट हवेत, आणि कॉइलच्या दुसऱ्या खाचेला हुकमाच्या वेळी अर्थ मिळायला हवा. हे दुसरे मोजमाप करताना मीटरचे लाल टोक बॅटरीच्या धनावर आणि काळे टोक त्या खाचेत ठेवावे. हुकूम आला की मीटर १२ व्होल्टच्या आसपास दाखवेल. ईसीयूशी जोडलेल्या तारांवर बल्बचा टेस्ट लॅम्प वापरण्याऐवजी मल्टीमीटरच वापरावा. खाचांत मीटरची जाड टोके खुपसू नयेत, अन्यथा आतल्या पकडी सैल होतात आणि एक बिघाड शोधताना आपण दुसरा निर्माण करतो.

मोटर तपासण्यासाठी तिचा कनेक्टर काढून बॅटरीवरून, वाटेत ३० अँपिअरचा फ्यूज घालून, जाड तारांनी डायरेक्ट प्रवाह द्यावा. धन-ऋण नीट पाहून जोडावे. उलटे जोडले तर बहुतेक मोटरी उलट्या फिरतात आणि हवा रेडिएटरकडून इंजिनाकडे ओढण्याऐवजी परत पुढे ढकलतात. पंखा फिरतो पण हवा जाणवत नाही, अशा काही दुरुस्त केलेल्या गाड्यांचे कोडे यातच असते. डायरेक्ट देऊनही मोटर गप्प असेल आणि पाते लाकडी काठीने, हाताने नव्हे, जरासे ढकलल्यावर ती चालू पडत असेल, तर तिचे कार्बन संपत आले आहेत. पाते हाताने फिरवताना, अर्थात कनेक्टर काढलेला असताना, जड किंवा खरखरीत लागले तर बेअरिंग गेले आहे, आणि अशी मोटर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढून पुन्हापुन्हा फ्यूज उडवते.

अडचण बहुधा सांध्यात असते

सर्व भाग चांगले आणि तरी गाडी तापते, असा प्रसंग माझ्यावर आला होता. एका गॅरेजमध्ये आधी थर्मोस्टॅट बदलला गेला, मग सेन्सर, आणि दोन्ही वेळा गाडी द्वारकेला पोहोचेपर्यंत ठीक राहिली. शेवटी घरीच मीटर घेऊन बसलो. पंखा फिरत होता, बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि मोटरच्या कनेक्टरवर मात्र १०.६. मधले ३.२ व्होल्ट वाटेत कोठेतरी खर्च होत होते. प्रवाह १५ अँपिअर धरला तर ही जवळपास ४८ वॅट उष्णता झाली, म्हणजे कनेक्टरच्या आत एक सोल्डरिंग आयर्न पेटवून ठेवल्यासारखे. कनेक्टर उघडला तेव्हा एका पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलेले दिसले.

हे मोजमाप प्रत्येकाने करावे असे आहे, आणि ते पंखा फिरत असतानाच करायचे असते, कारण प्रवाह वाहत नसेल तर सडका सांधाही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धनावर आणि दुसरे मोटरच्या धन पिनेवर ठेवावे. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी हवा. मग मोटरची ऋण पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात तेच करावे. जास्त आकडा मिळाला तर वाटेतला एकेक टप्पा, म्हणजे फ्यूज, रिलेचे संपर्क, कनेक्टर, निरनिराळा मोजत जावे. जेथे व्होल्टेज गळते तेथेच दोष असतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात नेहमी फिरणाऱ्या गाड्यांत ऋण बाजूकडे विशेष पाहावे. बॉडीला बसवलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज धरतो, तो वरून दिसत नाही. बोल्ट काढून, पत्रा पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वर थोडे ग्रीस लावले की अनेक पंखे पुन्हा जोर धरतात.

जळालेला कनेक्टर नुसता घासून परत बसवू नये, कारण तापून मऊ झालेल्या पकडीला पूर्वीचा ताण येत नाही. नवा कनेक्टर मूळ तारेइतक्याच किंवा त्याहून जाड तारेसह, नीट क्रिम्प करून बसवावा; २५-३० अँपिअरच्या छोट्या अंतरासाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार योग्य ठरते. फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालणे किंवा चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे उद्या तारांचा जुडगा जाळण्याची तयारी करणे होय.

सेन्सरवर विश्वास नाही म्हणून डॅशबोर्डवर पंख्याचे वेगळे बटण बसवून देण्याची एक पद्धत आपल्याकडे आहे. मला ती पसंत नाही, कारण बटण दाबायचे विसरले की इंजिनाचे हेड वाकते. तरीही बसवायचेच असेल, तर बटणाने फक्त रिलेच्या कॉइलला अर्थ द्यावा. मोटरचा प्रवाह बटणातून नेऊ नये. तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकणे हाही उपाय नव्हे. त्याने इंजिन हिवाळ्यात गरमच होत नाही आणि पेट्रोल विनाकारण जास्त जाते.

याच्या उलटची तक्रारही येते: चावी काढून तास उलटला तरी पंखा थांबत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. तेव्हा रिले उपसून पाहावा. पंखा थांबला तर रिले हातात घेऊन ३० आणि ८७ या पायांत मीटर लावावे; कॉइलला प्रवाह नसतानाही रोध शून्याजवळ असेल, तर आतले संपर्क चिकटले आहेत आणि रिले बदलावा. रिले निर्दोष निघाला तर त्याच्या कॉइलची तार कोठेतरी बॉडीला टेकून अर्थ झाली असण्याची शक्यता आहे.

वाटेतच काटा लालीकडे चालला आणि घाटात थांबायला जागा नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवावा. मे महिन्यात ही शिक्षा वाटते खरी, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो. जागा मिळताच इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे.

दुरुस्ती झाल्यावर गाडी लगेच रस्त्यावर काढू नये. आधी रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्यामधली फट पाहावी; लासलगाव-निफाडच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरमागून नित्य जाणाऱ्या गाड्यांत तेथे कांद्याची साले आणि धूळ यांची गादी साचलेली मी पाहिली आहे, आणि ती हवेला पंख्याच्या बिघाडाइतकीच अडवते. मऊ ब्रशने आणि बेताच्या धारेने, शक्यतो इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या बाजूकडे, ती धुऊन काढावी. मग एसी बंद ठेवून गाडी जागेवरच चालू द्यावी. वीस मिनिटांच्या आसपास रेडिएटरचा वरचा होज गरम होईल, काटा नेहमीच्या जागी येऊन थांबेल आणि पंखा आपोआप सुरू होईल. तो बंद होईपर्यंत थांबावे, आणि पुन्हा सुरू होऊन पुन्हा बंद होईपर्यंतही थांबावे. तेवढ्या वेळात मोटरच्या कनेक्टरला हात लावून पाहावा, तो कोमटापेक्षा जास्त गरम लागता कामा नये.